शाल पांघरलेला स्कॅनर

फ्लॅटबेड स्कॅनर कधी उघडून बघितलाय? वरची काच आपण रोज पुसतो, पण धूळ साचते ती काचेच्या आतल्या बाजूला. झाकण बंद, काच बंद, तरी ती आत कुठून शिरते हे मला आजवर कळलेलं नाही. किश्शांचंही तसंच आहे. मुद्दाम जमवायला कोणी बसत नाही. एखाद्या दिवशी आवरायला म्हणून स्क्रू काढावेत, तर आत हा थर!

आमचं केंद्र म्हणजे जव्हारला एसटी डेपोच्या मागची एक खोली. एका ट्रस्टचं मदत केंद्र. जंगलातली जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या लोकांचे वनहक्क दावे, फेटाळलेल्या दाव्यांची अपिलं आणि त्यांना लागणारे कागद, हे आमचं काम. माणसं दोनच. वनिताताई कायदा, फायली आणि माणसं सांभाळतात, मी कॉम्प्युटर सांभाळतो. तिसरे ट्रस्टचे साहेब. ते ठाण्याला असतात आणि फोनवरून सांभाळतात. मी पन्नाशीला आलोय, पाठ दुखते, आणि खरं सांगायचं तर दमलोय. पण यातल्या निम्म्या किश्शांचा नायक तो स्कॅनर माझ्याहून जास्त दमलेला आहे, म्हणून कोणाकडे तक्रार करता येत नाही.

* * *

तो मुंबईतल्या कुठल्याशा ऑफिसने काढून टाकला आणि आमच्याकडे देणगी म्हणून आला. साहेबांचा फोन, "अरे, मशीन पाठवलंय! आता तुमची कामं धडाधड होणार!"

खोका उघडला. आत सुटकेसएवढं धूड, एक जाड वायर आणि एक सीडी. सीडी विंडोजची, तीसुद्धा कधीच इतिहासजमा झालेल्या. आमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स. हौस म्हणून नव्हे हो. लोकांच्या पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसने आधीची दोन मशीन खाल्ली, तेव्हा फुकट मिळणारं आणि जुन्या डब्यावरही चालणारं जे सापडलं ते घातलं. सीडी चालणार नाही म्हणून मी ती बाजूला ठेवली आणि कंपनीला फोन लावला.

"सर, हे मॉडेल बंद होऊन खूप वर्षं झाली. तुम्ही नवीन का नाही घेत?"

"ताई, नवीन घेता आलं असतं तर मी तुम्हाला फोन केला असता का?"

मग ती मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझ्या घरी पण जुनाच आहे. बंद आहे. तुमचा चालू झाला तर मला पण सांगाल का?"

मी तिला पाचपैकी पाच रेटिंग दिलं.

* * *

दोन दिवस इंटरनेट चाळल्यावर कळलं की या जातीच्या स्कॅनरला स्वतःचा मेंदू नसतो. बटण दाबलं की कॉम्प्युटरने त्याला एक छोटी फाइल भरवायची, मग तो जागा होतो. लिनक्सकडे बाकी सगळं होतं, ती फाइल मात्र नव्हती. ती होती त्या सीडीत.

"ताई, ती सीडी कुठाय?"

"ती जानूबाबा घेऊन गेले. आपल्याकडे चालणार नाही असं तुम्हीच म्हणालात ना!"

जानूबाबा म्हणजे मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचे म्हातारबाबा. त्यांचा दावा फेटाळला गेला होता, अपिलाची समितीपुढची सुनावणी संक्रांतीनंतर होती, आणि त्यापायी ते आठवड्याला एक चक्कर मारायचे. मी जीपने गेलो, पुढे तासभर चाललो. लांबूनच सीडी दिसली! नाचणीच्या मधोमध बांबूला सुतळीने टांगलेली, उन्हात लखलखत होती. पाखरं हाकलायला.

ज्या तुकड्याचा दावा होता तो हाच. जानूबाबांचा बाप काळू इथेच नांगरत असताना पन्नासेक वर्षांपूर्वी फॉरेस्टवाल्यांनी त्याचा नांगर जप्त केला आणि पंचनामा लिहून त्यावर त्याचा अंगठा घेतला. तेव्हा तो कागद गुन्ह्याचा होता. आता कायदा म्हणतो, जुन्या काळापासून कसत होतात याचा पुरावा द्या, आणि जानूबाबांकडे पुरावा म्हणून तेवढा एकच कागद. फेटाळताना कारणं दिली होती दोन. एक, कागद वाचता येत नाही. दोन, पाड्यात तेव्हा काळू नावाचे दोघे होते, पंचनाम्यातला काळू अर्जदाराचाच बाप कशावरून?

पहिल्या कारणात तथ्य होतं. बाजारात झेरॉक्स काढली तर नुसता काळा चौकोन आला होता. वनिताताईंनी मोबाइलवर फोटो काढला तर अक्षरांवर घड्यांच्या सावल्या आणि अंगठ्याच्या जागी शाईचा डाग. म्हणून तर हा स्कॅनर चालू होणं जरुरीचं होतं.

"बाबा, ही सीडी परत पाहिजे. तुमच्याच कामाला."

"मंग पाखरां येतील त्याचा काय?"

मी त्यांना सरकारी योजनांच्या माहितीच्या दोन सीडी दिल्या, आमच्या कपाटात कधीपासून पडलेल्या. पुढच्या आठवड्यात बाबा खूश होऊन आले. "भाऊ, ह्या लय भारी! पाखरां काय, माणूस पण फिरकत नाय!"

* * *

आणलेल्या सीडीवर ओरखडे पडले होते, पण बाजारातल्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडच्या जुन्या ड्राइव्हवर ती तिसऱ्या प्रयत्नात वाचली गेली. फाइल मिळाली, योग्य जागी ठेवली, बटण दाबलं. आणि कॉम्प्युटरने शांतपणे सांगितलं, एकही स्कॅनर सापडला नाही.

दोन दिवस मी त्याच्या सेटिंगच्या फायली वाचत बसलो. माणसाने किती वाचावं! शेवटी एका यादीत आमच्या स्कॅनरच्या जातीचं नाव दिसलं. नाव होतं, पण त्या ओळीच्या सुरुवातीला # अशी एक छोटी जाळीची खूण मारलेली. अशी खूण असली की कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही, सोडून पुढे जातो. मी खूण खोडली. स्कॅनर सापडला!

आनंदाने वनिताताईंना समजावून सांगितलं. त्यांनी हातातली फाइल खाली ठेवली.

"म्हणजे नाव यादीत होतं, सगळं बरोबर होतं, पण कोणीतरी पुढे खूण मारून ठेवली म्हणून ते नाहीच असं धरलं?"

"हो."

"मग यात तुम्हाला दोन दिवस नवीन काय वाटत होतं सर? आपण इथे दुसरं काय करतो?"

* * *

त्याच दिवसांतली गोष्ट. अपिलाला जोडायच्या एका अर्जावर सही घ्यायची होती. वनिताताई दिवसाला वीस-पंचवीस अंगठे घेतात, त्यामुळे सवयीने त्यांनी शाईचा पॅड जानूबाबांपुढे सरकवला.

बाबांनी तो एका बोटाने परत सरकवला. "ताई, मी दुसरीपर्यंत गेलेलो हाय. अंगठा नाय लावत. पेन दे."

वनिताताई ओशाळल्या. पेन दिलं. बाबांनी कागद सरळ केला, हात मांडीला पुसला आणि सुरुवात केली. 'जा' झाल्यावर थोडे थांबले, खिडकीबाहेर बघितलं. मग 'नू'. मग बापाचं नाव, मग आडनाव. अक्षरांवरची रेघ शेवटी. प्रती तीन होत्या! बाहेर मोखाड्याच्या गाडीने हॉर्न दिला, घंटी मारली आणि ती निघून गेली. पुढची गाडी संध्याकाळी.

"बाबा, गाडी चुकली तुमची."

बाबांनी तिन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवून नीट बघितल्या. "चुकूं दे. सही तं नाय ना चुकली?"

* * *

स्कॅनर चालू झाला तरी तो फक्त माझं ऐकायचा. मी मालकाच्या पासवर्डने आत शिरायचो, स्कॅन करायचो, सगळं ठीक. मधे मला ताप आला, चार दिवस घरी होतो. पहिल्याच दिवशी वनिताताईंचा फोन.

"सर, हा म्हणतोय परवानगी नाही."

"हो, ते तुमच्या नावाने उघडलंय ना, म्हणून. मी आलो की करतो."

"त्याची काच कोण पुसतं रोज?"

"तुम्ही."

"वायर उंदराने कुरतडली तेव्हा टेप कोणी लावली?"

"तुम्ही."

"आणि परवानगी तुम्हाला?"

मी पांघरूण बाजूला केलं आणि ताप असतानाच फोनवरून एकेक अक्षर सांगून एक ओळ लिहून घेतली. तेवढ्या ओळीने वनिताताईंना स्कॅनरचा अधिकार मिळाला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, स्कॅनर गुरगुरला आणि फोनवर मला त्याचा आवाज ऐकू आला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. एवढीच ओळ होती? मग तीन आठवडे काय करत होतात?"

मी परत पांघरूण घेतलं.

* * *

डिसेंबरात जव्हारला थंडी कशी असते ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. सकाळी बोटं वळत नाहीत. स्कॅनरच्या आतली ट्यूब जुनी, ती गरम होऊन पुरता उजेड द्यायला वेळ लावायची. आणि ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधला त्याला चालवणारा प्रोग्राम, एक मिनिट वाट बघून कंटाळायचा, दिवा बिघडलाय म्हणायचा आणि काम बंद. वाट बघायची मुदत मी सेटिंगमध्ये वाढवली. एकाची तीन मिनिटं केली, तरी सकाळी पहिला कागद निघेना.

वनिताताईंचा उपाय साधा होता. त्यांनी आपली शाल काढली आणि स्कॅनरला नीट चारी बाजूंनी पांघरली. दहा मिनिटांत दिवा लख्ख! मग रोजचंच झालं. सकाळी आलं की आधी त्याला शाल, मग आम्हाला चहा.

एके सकाळी न सांगता साहेब आले, बरोबर दोन पाहुणे. केंद्राचं काम दाखवायला. आत येऊन बघतात तर टेबलावर मध्यभागी शाल पांघरून बसलेला स्कॅनर, आणि समोर जानूबाबा हात जोडून उभे! बाबांनी हात थंडीमुळे एकमेकांत धरले होते, पण दिसायला नमस्कारच.

साहेब दारातच थबकले. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

"हा काय सत्कार चाललाय?" साहेबांनी विचारलं.

वनिताताई फायलीतून मान वर न करता म्हणाल्या, "हो सर. शालीची सोय झाली, नारळाचं ठाण्याहून मंजूर व्हायचंय."

* * *

जानूबाबांचा पंचनामा पहिल्यांदा स्कॅन झाला तेव्हा स्क्रीनवर नुसता गडद तपकिरी पट्टा आला. शाई कुठली, कागद कुठला, पत्ता नाही. मी म्हटलं, रंगाचं सेटिंग बिघडलं. तीन दिवस मी त्या ड्रायव्हरच्या मागे लागलो. उजेड वाढवला, गडदपणा कमी केला, काच पुसली, सगळे आकडे लिहून ठेवले. हिवाळ्यातही घाम आला. सुनावणी जवळ येत चाललेली. चौथ्या दिवशी वैतागून एक कोरा कागद ठेवून बघितला. पांढराशुभ्र आला!

म्हणजे ड्रायव्हर ठीक होता. कागदच तपकिरी होता. पाड्यावर कागद चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवतात, बांबूच्या नळीत. धूर लागून लागून तो भाजल्यासारखा झाला होता.

मी चिडलो. काम खोळंबलं होतं, चूक माझीच होती, आणि अशा वेळी माणूस दुसऱ्यावर चिडतो. "बाबा, एवढा महत्त्वाचा कागद धुरात कशाला ठेवायचा?"

बाबा शांतपणे म्हणाले, "धूर नसता तं वाळवीनं कधीच खाला असता. तुमचे कपाटात हाय का पन्नास वर्सांचा कागूद? दाखव."

वनिताताईंनी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यातली तीन वर्षांपूर्वीची फाइल उचलली, तर तिचं फक्त वरचं पुठ्ठ्याचं कव्हर हातात आलं. आत भुगा.

मी खाली बसलो आणि शेवटी एक युक्ती सुचली. या ड्रायव्हरला लाल, हिरवा, निळा यांपैकी एकाच रंगाने बघायला सांगता येतं. लालने बघायला लावलं तसा धुराचा सगळा तपकिरी रंग फिका पडला आणि निळ्या शाईची अक्षरं काळी होऊन वर आली. पन्नास वर्षांनी त्या कागदावरचं 'लाकडी नांगर एक' आम्ही तिघांनी वाचलं. मला त्या क्षणी भरून आलं, हे लपवत नाही.

* * *

पहिलं कारण संपलं. राहिलं दुसरं, काळू कोणता?

फाइलसाठी मी अंगठा मोठा करून वेगळा स्कॅन केला. बघतो तर ठशावरून एक पांढरी तिरपी रेघ गेलेली. मला वाटलं काचेवर ओरखडा असेल. काच पुसली. रेघ आहेच. आतली काचही उघडून पुसली. रेघ आहेच. मग कागद उलटा फिरवून ठेवला, तर रेघही कागदाबरोबर उलटी फिरली. म्हणजे मशीनचा दोष नव्हे, कागदावरचाच. ठीक आहे, म्हटलं, कॉम्प्युटरवर पुसून टाकू. समितीसमोर स्वच्छ जायला पाहिजे. मी रेघ पुसायला घेतली.

"नको पुसूं!"

जानूबाबा माझ्या खुर्चीमागे उभे होते. ते स्क्रीनपाशी आले, अगदी जवळ. बराच वेळ बघत राहिले.

"ती माझीच हाय."

मग सांगितलं. ते सहा-सात वर्षांचे असताना शेतात राब भाजायला, म्हणजे रोपांसाठी जमीन भाजून तयार करायला, बापाबरोबर फांद्या तोडत होते. बाप फांदी धरायचा, पोर कोयता चालवायचा. एक घाव चुकला आणि बापाच्या डाव्या अंगठ्यात उतरला. जखम भरली, चीर राहिली.

"मंग बा काय म्हणाला?" वनिताताई नकळत त्यांच्याच बोलीत विचारून गेल्या.

"काय म्हणंल? म्हणाला, ह्याचे हातात कोयता नको, पाटी द्या. जखम भरली तसा शाळेत घातला."

आम्ही हसलो. बाबाही हसले. मग वनिताताई एकदम हसायच्या थांबल्या. "शाळेत घालताना पालकाचा अंगठा घेतात, सर."

* * *

शाळा दोन डोंगर पलीकडे. फोन केला तेव्हा हेडमास्तर भला माणूस निघाला. जुनं रजिस्टर होतं, नोंद होती, पालकाच्या रकान्यात अंगठाही होता. "पण रजिस्टर शाळेबाहेर जाणार नाही," म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं.

मग स्कॅनरच शाळेत न्यायचा ठरला. प्रवासात आतला दिव्याचा हात हलून मोडू नये म्हणून असल्या स्कॅनरला खालच्या बाजूला एक खटका असतो, तो मी आठवणीने लावला. जीपमध्ये आम्ही सोळा जण आणि स्कॅनर. तो सगळा रस्ता माझ्या मांडीवर होता, शालीसकट. एका म्हातारीने शालीची कड उचलून बघायचा प्रयत्न केला आणि बाळ नाही म्हटल्यावर नाराज झाली.

शाळेत पोचलो, ती फाइल आधीच घालून आणलेला माझा लॅपटॉप लावला, बटण दाबलं. कर्र... कर्र... कर्र! स्कॅनर थरथरला आणि बंद पडला. ड्रायव्हर म्हणाला, यंत्राशी बोलणं होत नाही. परत लावला, परत कर्र. मी फाइल तपासली, यादीतली खूण तपासली, परवानगी तपासली. तास गेला. सुनावणी परवावर आणि हा रस्त्यात मेला, एवढंच डोक्यात. मी कपाळाला हात लावून बसलो. हेडमास्तरांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

जानूबाबा खाली जमिनीवर बसले होते. टेबलाच्या कडेबाहेर आलेल्या स्कॅनरचा तळ त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

"भाऊ, ह्या खाली कुलपाचा चितार हाय. कुलूप लावलेला दिसतो."

खटका! मीच लावलेला. तो काढला, स्कॅनर एकदा गुरगुरला आणि शहाण्यासारखा सरकत गेला. स्क्रीनवर काळूचा अंगठा आला. मधून तिरपी रेघ.

हेडमास्तरांनी बाबांना विचारलं, "शाळेत किती वर्षं होतात बाबा?"

"दोन. पण कुलूप वळखाया येते."

* * *

सुनावणीला आम्ही तिघं गेलो. समितीच्या मॅडम समोर. आमच्या आधी बरीच प्रकरणं झाली होती, त्याही दमलेल्या दिसत होत्या. वनिताताईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक पंचनाम्यातला अंगठा, एक शाळेच्या रजिस्टरमधला, हेडमास्तरांच्या सही-शिक्क्यासह. दोन्ही तळहाताएवढे मोठे केलेले. दोन्हींत तीच रेघ, त्याच तिरप्या वाटेने.

मॅडमनी चष्मा लावला. मग काढला, पुसला, परत लावला. अस्सल पंचनामाही मागून बघितला.

"हा व्रण कशाचा?"

जानूबाबा उठून उभे राहिले. "कोयत्याचा, मॅडम. मी मारला."

"तुम्ही?"

"हां. कोयता माझे हातात होता. पण जप्त नांगर केला."

कोणीतरी मागे हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही कागदांवर खाली काहीतरी बारीक लिहिलं आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं. आम्ही बाहेर आलो. जिंकलो की हरलो, ते तिघांपैकी कोणालाच कळलं नव्हतं. वनिताताईंनी चहा मागवला आणि तो तसाच निवला.

* * *

निकालाला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत स्कॅनरची ट्यूब गेली, आणि मी शहरातल्या भंगारातून दुसरी शोधून आणून बसवली. जानूबाबा दर आठवड्याला यायचे. "काय आला?" एवढंच विचारायचे. "नाही बाबा." "बरा." आणि गाडीची वाट बघत बसायचे. मला त्यांच्या तोंडाकडे बघवायचं नाही, म्हणून मी स्क्रीनकडे बघत राहायचो.

एके दिवशी आला. दावा मंजूर. मागितलं होतं तेवढं नाही, पण नांगर जप्त झाला तो तुकडा त्यात होता.

जमिनीच्या हक्काचे पट्टे कचेरीत वाटायचे होते. मी बाबांबरोबर गेलो. रांग मोठी. टेबलावरचा क्लार्क सकाळपासून पोच घेत होता. माणूस आला की पॅड पुढे, अंगठा, कागद, पुढचा. बाबांची पाळी आली तेव्हा मी घाईने म्हटलं, "साहेब, यांना पेन द्या. हे सही करतात."

क्लार्कने मान वर केली, बरं वाटल्यासारखा हसला आणि खिशातलं स्वतःचं पेन काढून बाबांपुढे धरलं. "घ्या बाबा. सावकाश करा."

बाबांनी पेन घेतलं. टोपण काढलं. रकान्यातलं आपलं नाव बघितलं, त्यापुढे छापलेलं बापाचं नाव बघितलं. मग टोपण परत लावलं, पेन टेबलावर नीट आडवं ठेवलं आणि शाईचा पॅड स्वतःच ओढून घेतला. डावा अंगठा त्यावर टेकवला. कागदावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू फिरवला.

"अहो, तुम्हाला सही येते ना?" क्लार्क म्हणाला.

"येते की," जानूबाबा म्हणाले, आणि शाई न पुसता बाहेर पडले.